वाळूतल्या बॅटऱ्या

‘…म्हाताऱ्याच्याच हातून झालंय सगळं, आणि वर म्हणे—’ बस, एवढंच. एवढंच कानावर पडलं माझ्या आणि पुढचं त्या शिवणवालीने गिळलं, कारण मी जिन्यात दिसले ना! दिसले आणि लगेच, काय हो काकू, पाणी आलं का तुमच्याकडे? पाणी! तीन आठवडे झाले त्या आगीला, तीन आठवडे ही बाई ते अर्धं वाक्य दारोदार फिरवतेय आणि मला विचारतेय पाणी आलं का — तू बस गं, उभी का? तो कागद ठेव टेबलावर, पळून जात नाही तो. सही करणार आहे मी, नाही कुठे म्हटलंय? पण सही करायची म्हणजे आधी माणसाने बोलावं तरी. तू एवढ्या लांबून आलीस, समोरच्या दाराचं कुलूप काढलंस, आत जाऊन काळ्या भिंती बघून आलीस, आणि थेट माझ्या दारात कागद घेऊन — ‘काकू, इथे सही हवी होती.’ एकोणीस वर्षं मी तुझ्या बाबांच्या समोरच्या दारात राहते. एकोणीस. तू कॉलेजात होतीस, डबा विसरून जायचीस, आणि मी गॅलरीतून हाका मारायचे. आणि आता मी कोण, तर साक्षीदार. शेजारी म्हणून लिहून द्यायचं की हा माणूस एकटा राहिला तर त्याच्या जिवाला धोका आणि चार लोकांच्याही, म्हणजे ते वृद्धनिवासवाले त्याला खोली देणार, आणि हे घर — ते राहू दे. ते तुमचं तुम्ही बघा.

मी फक्त एवढंच म्हणते की लोक बोलतात ते तू ऐकू नकोस. हातून झालं म्हणे! तुला माहीत नाही तुझे बाबा त्या बॅटऱ्यांच्या बाबतीत कसे होते. तू म्हणशील, माझेच बाबा, मला माहीत नाही? नाहीच माहीत. तू गेल्यानंतरचं आहे हे. दुकान बंद केलं त्यांनी, घड्याळं कोणी दुरुस्त करून घेईना, मग नुसतं बसून काय करणार — तर कुठेतरी वाचलं त्यांनी की ह्या मोबाइलच्या, खेळण्यांच्या, टॉर्चच्या चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या जुन्या झाल्या की लोक कचऱ्यात टाकतात आणि कचऱ्याची गाडी पेटते. झालं. त्या दिवसापासून अख्ख्या बिल्डिंगच्या मेलेल्या बॅटऱ्या तुझ्या बाबांच्या दारात. आणि नुसत्या घ्यायचे नाहीत हो, आधी बोलणी! तो वरचा व्यायामवाला एकदा किल्ल्यांच्या जुडग्यासकट पिशवीत घालून घेऊन आला, तर म्हणाले, ‘अरे शहाण्या, घर पेटवायचं असेल तर तुझं पेटव, माझ्या दारात कशाला?’ लोखंडाला टोकं टेकली की आतल्या आत वीज खेळते, तापते, भडकते — मला शंभरदा सांगितलं असेल. मग ती बॅटरी घ्यायची, घड्याळ बघायचं ते भिंग डोळ्याला लावायचं, दोन्ही टोकांवर चिकटपट्टीचा तुकडा, वर बारीक अक्षरात तारीख, आणि मग काचेच्या बरणीत कोरडी वाळू, वाळूत ती बॅटरी, परत वाळू, परत बॅटरी, एकीला दुसरी लागता कामा नये. बरण्या गॅलरीत सावलीत, झाकणावर तारखेची चिठ्ठी. फुगलेली असेल तर ती वेगळी, मातीच्या कुंडीत, एकटी, तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही — मी हसायचे, म्हणायचे, काका, बाळंतिणीलासुद्धा एवढं जपत नाही कोणी. तर म्हणायचे, ‘शेजारीणबाई, हसा. मेल्यावरच जास्त धोका असतो ह्यांच्यात.’ आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी बरण्या पिशवीत घालून, दोन बस बदलून, ते जुन्या बॅटऱ्या गोळा करतात ना तिथे नेऊन द्यायचे. ह्या माणसाच्या हातून? आता बिल्डिंगमध्ये एकही घर असं नाही ज्याने त्यांच्याकडे बॅटरी दिली नाही, शिवणवालीने तर मशीनच्या दिव्याच्या चार दिल्या, आणि आज तीच —

हं. चहा घे. नको? बरं.

ऑपरेशनचं तुला सांगायला नको. म्हणजे सांगायलाच हवं खरं तर, कारण तू होतीस कुठे? तू फोनवर होतीस. रागावू नकोस, मी काही तुला टोचून बोलत नाही, नोकरी आहे, मुलं आहेत, मला कळतं. पण डोळ्याचं ऑपरेशन एका दिवसाचं, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, आणि नेमकी साखर वाढलेली निघाली, ठेवून घेतलं त्यांना दोन रात्री, आणि कोणी नेलं? मी नेलं. आमचे हे म्हणाले, तुला काय पडलंय, त्यांना मुलगी आहे ना. म्हटलं, आहे ना, फोनमध्ये आहे. किल्ली त्यांनी मला दिली. दारात उभे राहून दिली आणि म्हणाले, ‘झाडांना पाणी घाला, बाकी काही करू नका. बरण्यांना हात लावू नका.’ एवढंच. आता हे त्यांनी म्हणायला नको होतं. मला कोणी एखाद्या वस्तूला हात लावू नका म्हटलं की — जाऊ दे.

आग लागली ती ते घरी आले त्याच दुपारी. दोन वाजता रिक्षातून आणलं मी त्यांना, एका डोळ्यावर ती हिरवी पट्टी, म्हटलं पडून राहा, मी चार वाजता चहा आणते. मी इकडे आले, आडवी झाले, आणि सव्वातीनला फटफट असा आवाज, कोणीतरी पत्र्यावर गोट्या मारतंय असा, आणि मग तो वास — तो वास अजून नाकातून गेलेला नाही माझ्या, गोडसर आणि घशाला ओरबाडणारा. दार उघडलं तर समोरच्या दाराखालून धूर. तुझे बाबा बाहेर आले ते हाताला ओला पंचा गुंडाळून, खोकत, आणि काय म्हणाले माहितेय? ‘खालच्यांना उतरवा.’ स्वतःचा हात मनगटापर्यंत भाजलेला आणि खालच्यांना उतरवा. बंब आला, विझवलं, पण स्वयंपाकघर गेलं, पडदे गेले, त्यांचं ते कामाचं बाकडं, भिंगं, सगळी उघडून ठेवलेली घड्याळं — सगळं गेलं. मग तो बंबावरचा साहेब बाहेर आला, हातात चिमट्यात धरलेला पत्र्याचा डबा, काळा, पोट फुटलेलं, आणि जिन्यात सगळे उभे, सेक्रेटरी, शिवणवाली, मी, आणि विचारतो, ‘ह्या बॅटऱ्या अशा पत्र्याच्या डब्यात कोणी भरल्या?’ आणि तुझे बाबा म्हणाले, ‘मी.’

हो, ‘मी’ असंच म्हणाले ते. मी तिथे होते ना. अशी, ह्या दारात. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘मीच.’ साहेबाने लिहून घेतलं. सेक्रेटरीने मान हलवली, अशी, जणू काही त्याला आधीपासूनच ठाऊक होतं. आणि तिथून ते सुरू झालं, म्हातारा बेभरवशाचा झालाय, आज घर पेटवलं उद्या बिल्डिंग पेटवेल. तुला फोन सेक्रेटरीनेच केला ना? मीच करणार होते. फोन हातात घेतलाही होता. दोनदा.

काय बघतेस? त्या? त्या साखरेच्या. आणि ती डाळीची. बरण्याच आहेत, सगळ्यांकडे असतात. अगं, तशा बरण्या बाजारात ढिगाने मिळतात — त्या झाकणावर? कुठे? ... ती चिठ्ठी मी काढायची राहिली. त्यांचंच अक्षर आहे ते, हो. तारीख. बारीक, त्यांच्यासारखं. डोळा तुझाही त्यांच्यासारखाच आहे, पोरी, लागलीच गेला तिथे.

बस. बस म्हणते ना. उठू नकोस, सांगते. मी काही चोरल्या नाहीत. म्हणजे चोरल्याच, पण तशा नाही. आता तूच आठव — ते दवाखान्यात असताना तू मला फोन केला होतास, आठवतंय? रविवारी. आणि काय म्हणालीस? ‘काकू, बाबांचं घर किती कळकट झालंय हो, परवा व्हिडिओत दिसलं, मला लाज वाटली.’ म्हणालीस की नाही? मला ते लागलं. तुझ्या घराला तू नावं ठेवलीस पण लागलं मला, कारण समोरच्या दारात मी राहते, माझ्या नाकासमोर एक म्हातारा माणूस कळकटात राहतो म्हणजे मी काय केलं? म्हटलं, ते यायच्या आत आरशासारखं करून ठेवते. दोन दिवस राबले. ओटा घासला, पंखे पुसले, जळमटं काढली, आणि मग गॅलरीत गेले आणि त्या बरण्या. त्यांनी सांगितलं होतं हात लावू नका, मला आठवत होतं, मी काही विसरले नव्हते, असं नाही म्हणणार. पण इतकी घाण, अगं! त्या वाळूत मुंग्या झालेल्या, चिकटपट्ट्यांवर धुळीचे थर, आणि बरण्या मात्र इतक्या सुरेख, जुन्या जाड काचेच्या. मला वाटलं, एवढ्याशा बॅटऱ्या, वाळूत पुरून ठेवायच्या म्हणजे म्हातारपणाचे चाळे. मी वाळू कुंड्यांत ओतली. आणि बॅटऱ्या — तू हसशील, किंवा नाही हसणार — बॅटऱ्या मी धुतल्या.

धुतल्या. साबणाच्या पाण्यात, बादलीत, भांडी घासतो तशा. पट्ट्या आपोआप सुटल्या, ज्या सुटल्या नाहीत त्या नखाने काढल्या, घाण दिसत होत्या म्हणून. मग स्टीलच्या परातीत उन्हात वाळवल्या, फडक्याने एकेक पुसली, लख्ख, चांदीच्या नाण्यांसारखी. त्या कुंडीतली ती फुगलेली पण. तिला जरा दाबून बघितलं, म्हटलं हवा जाते का. आणि मग आमच्याकडचा बिस्किटांचा रिकामा डबा आणला, पत्र्याचा, फुलाफुलांचा, त्यात सगळ्या भरल्या, हलवून हलवून बसवल्या म्हणजे झाकण लागावं, आणि फडताळावर ठेवून दिला, शेगडीच्या वरच्या. आणि इतकं समाधान वाटलं मला, काय सांगू. म्हटलं काका येतील, बघतील, म्हणतील, शेजारीणबाई, कमाल केलीत. माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही — त्यांनी शंभरदा सांगितलेलं ते लोखंडाचं आणि टोकांचं — ऐकत होते ना मी, हसत होते, पण ऐकणं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

तर डबा माझा. बंबवाल्याने तो वर धरला तेव्हा पोट फुटलं होतं तरी एका बाजूची फुलं दिसत होती. तुझ्या बाबांना काय, आंधळे का ते, एक डोळा तरी होताच. असा डबा त्यांच्या घरात कधी नव्हता, आमच्या घरात किती वेळा त्यातून त्यांना बिस्किट दिलं असेल. म्हणून बघितलं माझ्याकडे. आणि ‘मी’ म्हणाले. आणि मला तोंड होतं, अगं. हे तोंड, जे जिन्यात कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची मुलगी किती वाजता आली, सगळं बोलतं — ते तोंड त्या वेळी शिवल्यासारखं. मी म्हटलं उद्या सांगेन. दुसऱ्या दिवशी म्हटलं, हात बरा होऊन ते दवाखान्यातून आले की सांगेन. मग जिन्यात कुजबुज सुरू झाली आणि दर दिवशी ते आणखी जड होत गेलं.

भेटायला गेले होते ना मी. हाताचं ड्रेसिंग चाललेलं. नर्स गेली तशी म्हणाले, ‘डबा खाली काढायला गेलो, शेजारीणबाई. हात वर केला, एका डोळ्याने अंतर कळत नाही, सुटला हातातून. ओट्यावर आपटला आणि आत काहीतरी तडतडलं. झाकण उघडायला गेलो तोच भडकला.’ सुटला हातातून. म्हणजे बघ, ते एवढं खरं आहे, ते मी नाकारत नाही, सुटला त्यांच्याच हातून. तसाच राहिला असता वर तर कदाचित — नाही, कदाचित त्याच रात्री आपोआप पेटला असता आणि ते झोपेत असते. तेही तेच म्हणाले. मी रडायला लागले तर म्हणाले, ‘रडू नका, लोक बघतायत. बरण्या कुठे आहेत माझ्या?’ म्हटलं, आहेत, नीट आहेत. म्हणाले, ‘ठेवा. घरी आलो की वाळू आणू नवीन.’ घरी आलो की. ऐकलंस? ते बाकडं कुठल्या सुताराकडून करायचं तेपण ठरलंय त्यांचं. तुझ्या त्या वृद्धनिवासाचं त्यांना काही माहीत नव्हतं तेव्हा. आता माहितेय?

माहितेय. काय म्हणाले? ... ‘बरं’ म्हणाले. हं. त्याचीच मला भीती होती.

तर आता झालं, सांगितलं मी. तीन आठवडे इथे असं दगडासारखं होतं, आता तू जाऊन सांग सेक्रेटरीला, शिवणवालीला सांग, जिन्यात ओरडून सांग, मी येते तुझ्याबरोबर. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे, शेजारणीचं नव्हतं. रंग आमचे हे लावून देतील, मी स्वतः घासते भिंती. राहू दे माणसाला त्याच्या घरात. फाड तो कागद.

फाड ना. बघतेस काय?

... काय म्हणालीस? परत म्हण. ‘काकू, ते ठीक आहे, पण सही तरी लागेलच.’ ठीक आहे? मी तुला आत्ता काय सांगितलं ते ऐकलंस का तू? ... ऐकलंस. ... खोली ठरलीय. एक तारखेपासून. इकडे पण माणसं येऊन घर बघून गेलीयत, कधी? गुरुवारी? मी कशी बघितली नाहीत? म्हणजे मी कपडे वाळत घालत होते तेव्हा. ... हो, वय झालंय. एकटे आहेत, हो. आज बॅटऱ्या, उद्या आणखी काही. तू म्हणतेस ते — तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे गं, प्रत्येक वाक्य बरोबर आहे, पण हे तू आग लागायच्या आधी ठरवलं होतंस का? इकडे बघ. ठरवलं होतंस. म्हणून आरशासारखं घर हवं होतं. बघायला माणसं येणार होती म्हणून. आणि मी मूर्ख बाई, लाज वाटली म्हणून घासत बसले.

तुझा फोन वाजतोय. घे. ... कोण, तुझे बाबा? कुठे आहेत? खाली? आत्ता खाली आहेत? अगं मग वर का नाही — जिना चढवत नाही, का चढायचं नाही? सरक, बघू दे. ती पांढरी गाडी? हो. दिसतायत. पुढे बसलेत, काळा चष्मा, हात मांडीवर ठेवलाय तसाच, एखादी वस्तू दुसऱ्याची असावी तसा. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही ते खाली आहेत म्हणून. तासभर मी इथे बडबडतेय आणि ते खाली उन्हात.

येऊ का मी खाली? त्यांच्यासमोर सांगते, सगळ्यांसमोर. ... नको? ‘त्यांना त्रास होईल.’ त्यांना त्रास होईल का तुला? ... बरं. नाही येत.

आण तो कागद. वाचू तर दे, आंधळी सही नाही करत मी. ‘…यांच्या हातून राहत्या घरात आग लागली…’ हातून. हे तू लिहिलंस? हुशार आहेस. हातूनच तर सुटला डबा, एका अक्षराने खोटं नाही. शिवणवालीचंही खोटं नव्हतं म्हणजे, अर्धं खरं होतं, आणि उरलेलं अर्धं आता तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि खाली गाडीत बसलेल्या माणसाला माहीत आहे, आणि तिघांपैकी कोणालाच ते नको आहे. त्यांना माझ्यासाठी नको, तुला खोलीसाठी नको. आणि मला — खरं सांगू? तू ‘ठीक आहे’ म्हणालीस ना, तेव्हा सगळ्यात आधी मला हलकं वाटलं. राग नंतर आला. आधी हलकं वाटलं. थू आहे माझ्यावर.

पेन दे. कुठे, इथे? पूर्ण नाव? अर्ध्या खऱ्याखाली पूर्ण नाव. घे.

नाही, बरण्या नेऊ नकोस, तिथे कोण ठेवू देणार त्यांना वाळू आणि बॅटऱ्या. जा आता तू. ऊन लागतंय त्यांना. आणि हे बघ — गाडी वळवताना त्यांनी वर बघितलं, विचारलं, तर सांग शेजारीणबाई घरी नाहीत. कुठे गेल्या विचारतील. माहीत नाही म्हण. जा. दार जोरात ओढ, नाहीतर उघडंच राहतं ते.